दृष्टीचा तगादा

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. येणे असेल तर ते मागावे लागते. वहीत उधारीची नोंद कितीही सुवाच्य असली, तरी तगाद्यावाचून रक्कम गल्ल्यात येत नाही. कल्याणच्या आमच्या दुकानात वडिलांनी हा धडा आम्हा भावांना शाळकरी वयातच दिला. तरीही आमच्याच घरात, आमच्याच आईच्या डोळ्यांच्या बाबतीत, आम्ही तगादा करायचे विसरलो. त्या विसरण्याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत बसणारा नाही. समाजातील अन्य कुटुंबांवर ती वेळ येऊ नये, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

पोथीतील ओळ वाकली

आईला आम्ही सारे बा म्हणतो. वय एकाहत्तर. डोंबिवली पूर्वेला आमचे घर. पहाटे सामायिक, मग स्तोत्रांची पोथी, दुपारी नातवंडांच्या वह्यांवर नजर, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम. एके सकाळी पोथीतील सरळ ओळी त्यांना मधेच वाकलेल्या दिसू लागल्या. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. लग्नसराईचे दिवस होते, दुकानात गर्दी होती. मुलांना कशाला त्रास द्यायचा, म्हणून त्या गप्प राहिल्या. दीड महिन्याने जेवण वाढताना आमटी वाटीबाहेर सांडली, तेव्हा माझ्या पत्नीने खोदून विचारले. मग बा म्हणाल्या, “डावा डोळा झाकला की समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही.”

नेत्रतज्ज्ञांनी ओसीटी नावाची तपासणी केली आणि आम्हाला ठाण्यातील पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवले. निदान झाले: वयोमानाने होणारी पीतबिंदूची झीज, तिचा ‘ओला’ प्रकार.

हा आजार समजून घेतला, तर पुढची गोष्ट समजेल. डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल असते. बोलीभाषेत त्याला आपण पडदा म्हणतो. त्याच्या मधोमध पीतबिंदू, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतील मॅक्युला. वाचन, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे, नोटेवरचा आकडा पाहणे ही सारी बारीक कामे या इवल्याशा जागेवर अवलंबून असतात. ओल्या प्रकारच्या झिजेत पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढू लागतात. त्या पाझरतात, कधी फुटतात, आणि वेळेत रोखले नाही तर मध्यभागी कायमचा व्रण राहतो. मधुमेहात वाहिन्या वेगळ्या कारणाने पाझरतात आणि पीतबिंदूला सूज येते. आपल्या व्यापारी कुटुंबांत मधुमेह घरोघरी आहे. दिवसभर गादीवर बैठक, जेवणाच्या वेळा अनियमित आणि गोडाधोडाचा आग्रह. म्हणून हा विषय केवळ वृद्धांचा राहत नाही.

या दोन्ही आजारांत व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. शास्त्रज्ञ नेपोलिओने फेरारा यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत ते वेगळे करून ओळखले. त्याला रोखणारे रॅनिबिझुमॅब हे औषध डोळ्यासाठी अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाले. त्याआधी ओल्या प्रकारात लेसर आणि प्रकाशाधारित उपचारांनी दृष्टी जाण्याचा वेग फार तर मंदावे. नव्या औषधांनी प्रथमच अनेकांची गेलेली दृष्टी काही अंशी परत आणून दिली. आज भारतात रॅनिबिझुमॅब, त्याच्याशी समतुल्य अशी देशी औषधे, अफ्लिबरसेप्ट, तसेच मूळचे कर्करोगावरील पण डोळ्यासाठी जगभर वापरले जाणारे बेव्हॅसिझुमॅब हे सारे पर्याय उपलब्ध आहेत.

मात्र यात एक अट आहे. औषध डोळ्यात कायम राहत नाही. त्याचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून आरंभी दर महिन्याला एक अशी तीन किंवा अधिक इंजेक्शने आणि पुढे डोळ्याच्या प्रतिसादानुसार हळूहळू अंतर वाढवणे, असा क्रम सामान्यतः ठरवला जातो. मधुमेही सुजेवर अमेरिकेत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात रुग्णांना पहिल्या वर्षी साधारणतः नऊ-दहा इंजेक्शने लागली होती. हा एकरकमी सौदा नव्हे. हप्त्यांचा व्यवहार आहे, आणि हप्ता चुकला तर दंड दृष्टीला बसतो.

आम्ही कोठे गप्प राहिलो

बांची पहिली दोन इंजेक्शने वेळेवर झाली. भीती फार होती. प्रत्यक्षात डोळा बधिर करणारे थेंब, जंतुनाशक द्राव, अगदी बारीक सुई आणि काही क्षणांचा दाब, एवढ्यात काम उरकले. पोथीतील ओळी पुन्हा सरळ होऊ लागल्या. घरात समाधान पसरले.

तेवढ्यात विमा कंपनीचे पत्र आले. रुग्ण चोवीस तास रुग्णालयात दाखल नव्हता, सबब पहिल्या इंजेक्शनचा दावा नामंजूर. आम्ही पत्र वाचले, घडी घातली आणि खणात ठेवले. एका रुपयाच्या फरकासाठी घाऊक व्यापाऱ्याशी तासभर वाद घालणारे आम्ही, त्या पत्राला एका ओळीचेही उत्तर दिले नाही. ‘कंपनीने लिहिले आहे म्हणजे नियम असेल,’ असे म्हणून मोकळे झालो.

खरे मौन बांचे होते. पत्राची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. तिसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री त्या म्हणाल्या, “आता बरे दिसते. दिवाळीची गर्दी आहे, ठाण्याला कोण नेणार? सण झाला की पाहू.” ऐकायला ते समजूतदारपणाचे वाटले, आणि आम्हालाही ते सोयीचे होते. चार आठवड्यांनी व्हायचे इंजेक्शन दहा आठवड्यांनी झाले. मधल्या काळात पडद्याखाली रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी तक्ता दाखवला, तेव्हा पूर्वी सहज वाचलेल्या दोन ओळी बांना वाचता आल्या नाहीत. त्यांतील एक आजतागायत परत आलेली नाही.

त्या दिवशी डॉक्टर मला समजावून सांगत होते, मी मान डोलवत होतो, आणि बा बाजूच्या खुर्चीत बसून होत्या. अचानक त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, डोळा माझा आहे. मला सांगा.” डॉक्टरांनी खुर्ची वळवली. बांनी तीन प्रश्न विचारले. किती इंजेक्शने लागतील? मधे खंड पडला तर काय होते? यापेक्षा स्वस्त औषध चालेल का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांकडे तयार होती. तोवर कोणी विचारलेच नव्हते.

पॉलिसीतील एक ओळ

घरी येऊन आम्ही पॉलिसीची पूर्ण प्रत प्रथमच वाचली. ‘आधुनिक उपचारपद्धती’ या शीर्षकाखाली डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांचा स्पष्ट उल्लेख होता. त्यापुढे रकमेची मर्यादा होती, पण नकार नव्हता. ती ओळ तेथे कशी आली, हे प्रत्येक विमाधारकाने जाणून घेण्यासारखे आहे.

पूर्वी आपल्याकडील अनेक आरोग्य विमा पॉलिसींत वयोमानाने होणारी पीतबिंदूची झीज हा आजारच वगळलेल्या उपचारांच्या यादीत नावानिशी छापलेला असे. अनेक वर्षे हप्ता भरलेल्या ज्येष्ठांना नेमक्या गरजेच्या वेळी ती ओळ दाखवली जाई. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये वगळण्याच्या अटींचे प्रमाणीकरण करणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ज्या आधुनिक उपचारपद्धती विमा कंपन्यांनी वगळू नयेत, अशी बारा उपचारांची यादी तीत दिली होती, आणि डोळ्यातील इंजेक्शने त्या बारांत होती. ऑक्टोबर २०२० पासून ही तत्त्वे आधीच्या पॉलिसींनाही लागू झाली. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते. पण ‘चोवीस तास दाखल नव्हता’ एवढेच कारण अशा दाव्यापुढे टिकणे अवघड आहे. हे इंजेक्शन शस्त्रक्रियागृहात काही मिनिटांत होते, आणि त्यासाठी रात्रभर खाटेवर झोपण्याची वैद्यकीय गरजच नसते.

आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एका पानाचे पत्र लिहिले. पॉलिसीतील त्या कलमाचा क्रमांक, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ओसीटीचा अहवाल आणि नकाराच्या पत्राची प्रत जोडली. पत्राखाली सही बांनी केली, कारण विमा त्यांच्या नावाचा आणि डोळाही त्यांचा. तीन आठवड्यांनी मर्यादेइतकी रक्कम खात्यात जमा झाली. ज्या पत्राला आम्ही अंतिम निकाल मानून खणात ठेवले होते, ते केवळ पहिले उत्तर होते.

बोलल्याने नियम बदलतात

एका पत्राने एक दावा सुटतो. पुष्कळ जण बोलले तर नियमच बदलतो. ब्रिटनमधील उदाहरण सांगण्याजोगे आहे. ही औषधे नवी असताना तेथील अनेक सरकारी आरोग्य संस्था खर्चाच्या कारणाने ती नाकारत. जून २००७ मध्ये औषधांची उपयुक्तता ठरवणाऱ्या ‘नाईस’ या राष्ट्रीय संस्थेने जो मसुदा मांडला, त्यात रॅनिबिझुमॅब दोनांपैकी केवळ अधिक चांगल्या डोळ्यासाठी द्यावे, असे सुचवले होते. याचा अर्थ असा, की एका डोळ्याची दृष्टी जाईपर्यंत रुग्णाने वाट पाहायची. हॅलिफॅक्सच्या माजी खासदार ॲलिस महॉन यांना हाच आजार झाला होता. त्यांनाही स्थानिक आरोग्य संस्थेने खर्च नाकारला. न्यायालयात जाण्याची तयारी त्यांनी जाहीरपणे दाखवली आणि तो निर्णय बदलला. परंतु त्या काळात एका डोळ्याची बरीचशी दृष्टी त्यांनी गमावली होती. अंधांसाठी काम करणारी ‘रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट’, रुग्णसंघटना आणि हजारो सामान्य नागरिकांनी मसुद्याविरुद्ध लिहिले. ऑगस्ट २००८ च्या अंतिम मार्गदर्शनात ती अट राहिली नाही. चौदा इंजेक्शनांनंतरचा औषधाचा खर्च कंपनीने सोसावा, अशी तडजोडही झाली.

आपल्या देशातही असा प्रसंग येऊन गेला. बेव्हॅसिझुमॅब हे या औषधांत सर्वांत स्वस्त. मोठ्या कुपीतील औषधाचे लहान डोस करून ते अनेक रुग्णांना देता येते. गुजरातमध्ये काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाल्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये औषध नियंत्रकांनी डोळ्यासाठी त्याचा वापर करू नये, असा इशारा दिला. काळजी रास्त होती. पण खर्चिक औषध न परवडणाऱ्या असंख्य रुग्णांचे उपचार त्यामुळे अडले. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी पुराव्यांसह बाजू मांडली आणि मार्च २०१६ मध्ये ती मनाई उठली. स्वस्त औषधाबद्दल डॉक्टरांना विचारताना संकोच वाटू नये, म्हणून हे सांगितले. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, ओल्या प्रकारच्या झिजेवर या औषधाने दृष्टीत झालेली सुधारणा महागड्या रॅनिबिझुमॅबच्या तोडीची आढळली होती. कोणत्या डोळ्याला कोणते औषध योग्य, हे डॉक्टर ठरवतील. परवडते काय, हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

हित, मित आणि वेळेवर

आपल्या परंपरेने वाणीला ‘हित, मित, प्रिय’ ही कसोटी लावली आहे. स्वतःसाठी बोलणे म्हणजे आरडाओरडा, असा समज असेल तर ही कसोटी तो दूर करते. मोजके, हिताचे आणि सौम्य शब्दांत बोललेले अधिक ऐकले जाते. त्यात उपचारापुरती एक भर घालावी लागेल: वेळेवर.

घरात बोलावे. ज्येष्ठांनी नजरेतील बदल त्याच दिवशी सांगावा. एक डोळा झाकून, चष्मा लावून, भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटी रोज पाहाव्यात. मग दुसरा डोळा झाकून पाहाव्यात. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो. चौकटीची रेघ वाकलेली, तुटलेली किंवा मधोमध पुसलेली दिसली, तर नंबर वाढल्याची समजूत करून घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी दृष्टी उत्तम असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, कारण आरंभी काहीच जाणवत नाही.

डॉक्टरांशी बोलावे. प्रश्न घरून लिहून न्यावेत. निदान, औषधाचे नाव, पुढील तारीख आणि खंड पडल्यास होणारा परिणाम हे कागदावर मागून घ्यावे. चातुर्मासातील उपवास, चौविहार, आयंबिल यांविषयी मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी कळले तर डॉक्टर मात्रा बदलून देतात. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाली वाढली किंवा नजर एकाएकी मंदावली, तर तासाभराचाही विलंब न करता त्याच दवाखान्याला कळवावे. अशी जंतुबाधा क्वचितच होते, पण झाली तर उपचार त्याच दिवशी हवा.

विमा कंपनीशी लेखी बोलावे. नकार आला तर पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, हे विचारावे. नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनर्विलोकन समितीच्या संमतीवाचून कोणताही दावा नाकारता येत नाही, आणि नाकारताना पॉलिसीतील नेमकी अट नमूद करावी लागते. कंपनीच्या तक्रार विभागाने महिन्याभरात उत्तर दिले नाही किंवा पुन्हा नकार दिला, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाख रुपयांपर्यंतचे दावे ऐकले जातात. ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांसाठी आता ठाणे शहरातच लोकपालाचे कार्यालय आहे. डोंबिवली-कल्याणच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तीस दिवसांत तो अमलात आणला नाही, तर दिवसाला पाच हजार रुपये तक्रारदाराला देण्याची तरतूद आहे.

ज्यांच्याकडे विमा नाही, त्यांनीही गप्प बसू नये. सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान योजनेचे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. राज्याच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात. आपल्या उपचाराचे नाव आणि डॉक्टरांचा कागद घेऊन त्यांना विचारावे.

या सर्वांत एक गोष्ट विसरू नये. दाव्याचा निकाल लागेपर्यंत इंजेक्शन थांबवायचे नाही. पैसे कसे उभे करायचे, स्वस्त पर्याय घ्यायचा का, समाजाच्या वैद्यकीय निधीकडे अर्ज करायचा का, हे पर्याय त्याच आठवड्यात तपासावेत. दावा उशिराने मिळू शकतो. उशिरा मिळालेली दृष्टी मात्र क्वचितच पूर्ण असते.

बांची वही

सोसणे हा आपल्या घरांतील गुण आहे, विशेषतः स्त्रियांचा. कुणाला भार होऊ नये म्हणून दुखणे गिळणाऱ्या आई, काकी, भाभी प्रत्येक घरात आहेत. पण पडद्याखाली पाझरणाऱ्या रक्ताला या सोसण्याचे काही वाटत नाही. ते आपल्या गतीने पुढे जात राहते. आणि त्यांनी सांगावे अशी आपली अपेक्षा असेल, तर ‘बा, पुढची तारीख कधी?’ हे विचारण्याचे कर्तव्य मुलांचे आणि सुनांचे आहे.

बांनी आता एक वही केली आहे, लाल पुठ्ठ्याची, आमच्या दुकानातल्या खातेवहीसारखी. डाव्या पानावर इंजेक्शनची तारीख, औषधाचे नाव, तक्त्यावरची ओळ. उजव्या पानावर बिलाची रक्कम, दाव्याचा क्रमांक, आलेले पैसे. अक्षरे पूर्वीपेक्षा मोठी आहेत आणि शाई गडद. पोथी त्या अजून वाचतात, भिंग हातात धरून, डाव्या डोळ्याच्या आधाराने. यंदा नवरात्रात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारी दोन वाजता बांचा फोन आला. त्या म्हणाल्या, “उद्या माझी तारीख आहे. दुकान मुलावर सोपव आणि सकाळची लोकल धर.”

मी दुकान मुलावर सोपवले.